किरायाने देणे आहे

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील एका कठड्याला गेले दोन महिने एक पाटी लटकते आहे. ‘वन बीएचके किरायाने देणे आहे’ एवढेच शब्द तिच्यावर आहेत, आणि खाली माझा फोन नंबर. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना ‘किराया’ हा शब्द परका वाटेल. पण आमच्या नांदेड-लातुराकडे घर भाड्याने मिळत नाही, किरायानेच मिळते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट गेली, १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. पण या शब्दाने आपली जागा काही सोडली नाही. जुना किरायदार आहे तो, त्याला आता कोण काढणार?

दिवाळीची झाडझूड चालली असताना सौ. म्हणाली, “ती पाटी तरी पुसून घ्या, अक्षरं दिसेनाशी झालीत.” मी ओले फडके घेऊन वर गेलो आणि पाटी पुसता पुसता एका विचारात असा गुंतलो, की खालून दोन हाका आल्या तरी मला ऐकू आल्या नाहीत. तो विचार वाचकांपुढे मांडण्यासारखा आहे की नाही, कोण जाणे. फराळाच्या ताटाशी बसून वाचण्यासारखा तो नाही, एवढे मला ठाऊक आहे. पण दिवाळीत घराविषयी लिहायचे नाही तर केव्हा लिहायचे?

माझी गोष्ट लातुरात सुरू होते. २०१७ च्या जूनमध्ये आमची थोरली अकरावीला लातूरला गेली. दहावीला बरे गुण पडले, की नांदेड, परभणी, बीड, धाराशिवची मुले लातूरची वाट धरतात. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर नेले आणि त्यामागून शिकवणीवर्गांचे एक गावच तिथे वसले. मुलांबरोबर पुष्कळदा आयाही जातात. दोन वर्षांचा संसार: एक गॅस, दोन गाद्या, एक अभ्यासाचे टेबल. वडील आपल्या गावी नोकरी करतात आणि शनिवारी एस. टी. ने लोहा, अहमदपूर, चाकूर करीत डबे-पिशव्या घेऊन पोहोचतात. मीही शिक्षक, शनिवारची सकाळची शाळा सुटली की बस गाठायचो.

घर शोधताना मी औसा रोडच्या बाजूला एका वयस्कर गृहस्थांकडे गेलो. स्वभावाने मोठे गोड. वरचा मजला किरायाने द्यायचा होता: एक खोली, एक बैठक, स्वयंपाकघर. त्यांनी पहिल्याने विचारले, “माणसं किती राहणार?” हा प्रश्न मला मुळीच खटकला नाही. आदल्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ‘जलदूत’ नावाची ती गाडी तीनशेहून अधिक किलोमीटर पाणी वाहून आणीत होती. ज्याने घागर घागर मोजून उन्हाळा काढला त्याने वरच्या मजल्यावर किती माणसे नाहणार हे विचारावे, यात काय वावगे? दुसरा प्रश्न किराया वेळेवर देण्याचा, तिसरा किती महिने राहणार याचा. हे सगळे प्रश्न, मला वाटते, घराचे प्रश्न आहेत. घराला तोंड असते तर त्यानेही ते विचारले असते.

मग त्यांनी आडनाव विचारले.

माझे आडनाव गावावरून पडलेले, ‘कर’ लागलेले आहे. या आडनावांची मौज अशी, की त्यांवरून गाव कळते, माणूस कळत नाही. एकाच गावचे ब्राह्मण, मराठे, लिंगायत, महार आणि शिंपी परगावी गेले की एकाच आडनावाचे होतात. वतनी आडनावांचीही तीच तऱ्हा. पाटील किती जातींत आहेत ते मोजून पाहावे. देशमुख तर मुसलमानांतही आहेत. म्हणून ज्याला नेमके हवे असते त्याला पुढचे प्रश्न ठाऊक असतात. “मूळ गाव कोणतं? पाहुणे कुठले? कुलदैवत?” असे तीन जिने उतरून ते गृहस्थ माझ्या जातीच्या तळघरात पोहोचले आणि तिथे त्यांना हवे ते सापडले असावे, कारण त्यांचा चेहरा एकदम सैल झाला आणि त्यांनी आत वळून म्हटले, “चहा टाका गं दोन कप.”

चहा पिता पिता ते म्हणाले, “काल एक कुटुंब येऊन गेलं. माणसं चांगली होती. सरकारी नोकरी, पोरगी हुशार. मला काही नाही हो सर, पण खालच्या गल्लीतले लोक काय म्हणतेत, ते बघावं लागतं ना.”

मी मान हलवली. हे वाक्य मी लिहिले आणि माझी लेखणी थांबली, कारण या निबंधातले माझे पाप एवढेच आहे. मी विरोध केला असता तर घर मिळाले नसते, हे खरे. पण मी नुसता गप्प राहिलो नाही, मान हलवली. आणि मनात खोल कुठेतरी मला बरे वाटले. परीक्षेत न अभ्यासता उत्तीर्ण झाल्यासारखे बरे वाटले. पुढे दोन वर्षे माझी मुलगी ज्या खिडकीशी बसून अभ्यास करीत होती, त्या खिडकीशी दुसऱ्या कोणाची तरी हुशार मुलगी बसायची होती.

असो. आता विचार करायचा तो या वाक्याचा: मला काही नाही हो, पण.

हे वाक्य जुने आहे. १९१७ साली, न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून आलेला एक तरुण बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी आला. शिष्यवृत्तीच्या करारामुळे त्याला बडोदे सरकारची चाकरी करणे भाग होते. शहरात उतरायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशाला जागा मिळते हे कळल्यावर त्याने पारशी नाव सांगून तिथे मुक्काम ठोकला. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि त्यांनी त्याला संध्याकाळपर्यंत जागा सोडायला बजावले. तो तरुण म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. ही हकीकत त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक आहे. काठ्या सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला मात्र त्या हकीकतीतले काठ्यांपेक्षा दुसरेच दोन माणसे अस्वस्थ करतात. त्या दिवशी बाबासाहेब आपल्या दोन मित्रांकडे आसरा मागायला गेले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनाही वाईट वाटले. हिंदू मित्र म्हणाला, की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारून सांगतो असे म्हटले. त्या दोघांपैकी एकाच्याही हातात काठी नव्हती. ‘मला काही नाही’ असेच दोघांचेही म्हणणे होते. एकाचा ‘पण’ नोकरांच्या रूपाने घरात होता, दुसऱ्याचा पत्नीच्या रूपाने. त्या रात्रीच्या गाडीने बाबासाहेब मुंबईला परत गेले. गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिले.

काठीवाल्याशी भांडता येते. त्याला कायद्याने अडवता येते, त्याच्यावर लेख लिहिता येतो. ‘मला काही नाही’ म्हणणाऱ्याशी कसे भांडायचे? तो तर आपल्याच बाजूचा आहे! आणि त्याने ज्या ‘लोकां’चे नाव घेतले, त्यांच्याकडे जावे तर तेही म्हणतात, आम्हाला काही नाही हो, पण. अशा रीतीने गल्लीतला प्रत्येक माणूस निर्दोष असतो आणि गल्ली मात्र बंद असते.

जुन्या गावाला कुसू होते. ते दगडामातीचे, डोळ्यांना दिसणारे. कोण आत, कोण बाहेर, हे बांधणाऱ्यांनी लपवले नव्हते. त्यामुळे ते पाडा असेही म्हणता येत होते. मोठ्या वाड्याला आमच्याकडे ढाळज असे. वाटसरू तिथे टेकायचा, गूळपाणी घ्यायचा, रात्र काढायचा. त्या ढाळजेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मीही कधी काळी वर्गात गायलेले आहेत. पण ढाळजेच्या पायरीपर्यंतदेखील कोणाला येता येत नव्हते, हे त्या गोडव्यांत येत नाही. शहर या सगळ्यावरचा उतारा, असे आमच्या पिढीला सांगण्यात आले होते. शहरात कोण कोणाला ओळखतो? आता शहराला कुसू नाही, पण आमच्या नांदेडात कोणत्या नाक्यापलीकडे कोण राहते हे रिक्षावाला पत्ता ऐकताच सांगतो. हा नकाशा कोणी काढला? नगररचना खात्याने तर नाही. माझ्यासारख्या हजार सज्जनांनी एकेका वेळी मान हलवून तो काढला.

यावर एक उत्तर असे येते, की घर माझे आहे. मी कर्ज काढले, हप्ते फेडले. माझ्या घरात कोणाला ठेवावे हे मी ठरवणार. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जेवायला कोणाला बोलवावे, मुलगी कोणाला द्यावी, हे दुसऱ्याने सांगितलेले आपण ऐकून घेणार नाही. मग किरायदाराचेच काय वेगळे?

वेगळे आहे ते पाटीमुळे, असे मला वाटते. पाहुण्याला आपण नाव घेऊन बोलावतो. पाटी रस्त्याला तोंड करून लावतो. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावे आहेत आणि तिथे कोणाला जातिधर्मावरून अडवायचे नाही, असे सांगितले आहे. भाड्याचे घर त्या यादीत नाही. पण २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न निघाला होता. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की येईल त्याला आपली सेवा द्यायला मालक जिथे तयार असतो ती जागा म्हणजे दुकान. बडोद्याचा तो दिवस त्यांना त्या वेळी आठवला असेल का? ते काही असो. या व्याख्येने माझी पाटी मला अडचणीत आणते. ती लावताच मी माझ्या घराचे दुकान केले आहे. न्यायालये मात्र सर्वत्र इतकी पुढे गेलेली नाहीत. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला आपली घरे पारशांपुरती राखण्याचा नियम ठेवता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. तेव्हा कायद्याच्या आडोशाला उभे राहायचे म्हटले तर मला जागा आहे. पण मी कायद्याला भीत होतो असे नाहीच मुळी.

आणि पाटीवरचा ‘देणे’ हा शब्द पाहा. आपल्या भाषेत ‘देणे’ म्हणजे हातातले दुसऱ्याच्या हातात ठेवणे, आणि ‘देणे’ म्हणजे कर्जही. वाण्याचे देणे, बँकेचे देणे. फडक्याने तो शब्द पुसताना मला तो प्रथमच दुसऱ्या अर्थाने दिसला, आणि लातूरच्या त्या न पाहिलेल्या मुलीची आठवण झाली. बरोबर त्याच वेळी खालून हाका येत होत्या.

मालकाची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला एक फ्लॅट हेच पुष्कळांचे पेन्शन असते. जुन्या काळी किरायदार बसला की पिढ्यान् पिढ्या उठत नसे. आमच्याकडे १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून सगळ्या महाराष्ट्राला एकच भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवावा, मुदत संपली की मालकाला घर परत मागता येते, अशी सोय त्यात आहे. तरीही मंडळी अकरा महिन्यांचा बाँड नोटरीकडे करून मोकळी होतात. म्हणजे ज्या भीतीवर कायद्याने औषध दिले आहे ते औषध घ्यायचे नाही, आणि आडनाव विचारून मात्र निश्चिंत व्हायचे! जणू चांगल्या आडनावाचा माणूस किराया बुडवीत नाही. माझा अनुभव सांगू? आधीच्या किरायदाराने माझे तीन महिन्यांचे पैसे बुडवले, आणि त्याचे पाहुणे व आमचे पाहुणे एकच निघाले होते.

आमच्या नांदेडात एक दार असे आहे, की तिथे कोणाला काही विचारत नाहीत. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला, आणि तेव्हापासून देशभरातून यात्रेकरू येतात. २०२० च्या टाळेबंदीत पंजाबचे सुमारे चार हजार यात्रेकरू इथे अडकले होते. त्यांची राहण्या-जेवण्याची सोय गुरुद्वाऱ्याने केली. लंगरात मी पुष्कळदा बसलो आहे. शेजारी कोण बसले आहे हे मी तिथे कधी पाहिले नाही, आणि पाहिले नाही याचा मला अभिमानही वाटत आला आहे. पण खरे सांगायचे तर पंगत अर्ध्या तासाची असते. अर्ध्या तासापुरते मला सगळे जग चालते. प्रश्न येतो तो एकाच जिन्याने रोज वर-खाली करण्याचा, एकाच नळाच्या पाण्याचा, आणि दुपारी कोणाच्या फोडणीचा वास कोणाच्या घरात येतो याचा.

आता यंदाची गोष्ट सांगून टाकतो. श्रावणात एक बाई फ्लॅट पाहायला आल्या. एका इस्पितळात परिचारिका, बरोबर म्हातारी आई आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. इस्पितळ इथून चालत दहा मिनिटांवर. रात्रपाळी असली की आई घरी एकटी, म्हणून त्यांना जवळच घर हवे होते. त्यांनी नळ सोडून पाहिला, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का विचारले, मुलाने गॅलरीतून खाली वाकून पाहिले आणि आजीचा धपाटा खाल्ला. आडनाव मी विचारले नाही. लातूरची आठवण ठेवून मुद्दामच विचारले नाही आणि माझ्या मोठेपणावर मनातल्या मनात खूशही झालो. त्यांनीच ते फोनमध्ये नंबर घेताना सांगितले. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. वाचकांनी एव्हाना ते मनाशी योजलेच असेल, आणि प्रत्येकाने वेगळे योजले असेल.

संध्याकाळी इमारतीतल्या एका सद्गृहस्थांचा फोन आला. “सर, मला काही नाही हो...”

पुढचे वाक्य सांगण्याची गरज नाही. सौ. शी बोललो. ती म्हणाली, “मला काही नाही, पण रोजचं तोंड पाहायचंय लोकांचं. तुम्ही बघा.” मी पाहिले. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना फोन करून सांगितले, की फ्लॅट कालच एकाने ठरवला, टोकनही दिले. त्या म्हणाल्या, “बरं सर, हरकत नाही.” इतक्या चटकन म्हणाल्या, की हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटले असेल याचा हिशेब मी करू लागलो.

मी खोटे का बोललो? मालक म्हणून नाही म्हणण्याचा माझा हक्क असेल, तर तो सरळ बजावायला हवा होता. भाजीवाल्याला मी सांगतो, तुझी भेंडी निबर आहे, नको. तिथे जीभ अडखळत नाही. ज्या हक्काचे नाव घेताना माणसाला टोकनाची गोष्ट रचावी लागते तो हक्क त्याचा त्यालाच पटलेला नसतो. बडोद्याच्या धर्मशाळेत एक खोटे नाव सांगितले गेले आणि माझ्या फोनवरून एक खोटे टोकन. दोन्ही खोटीच. पण एक छपरासाठी बोलले गेले होते आणि दुसरे छप्पर असलेल्या माणसाने, शेजाऱ्यांशी वाईटपणा येऊ नये म्हणून.

पाटी पुसून खाली आलो तेव्हा करंज्या तळायला सुरुवात झाली होती. मी अंगणात जाऊन फोन लावला. त्यांनी नंबर ओळखला नाही, नाव सांगितल्यावर म्हणाल्या, “हां, सर, बोला.” मी विचारले, घर मिळाले का? मिळाले होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. इस्पितळाला दोन रिक्षा बदलाव्या लागतात. किराया माझ्यापेक्षा दीड हजाराने जास्त.

“तुमचा फ्लॅट दिलाच ना कोणाला तरी?” त्यांनी सहज विचारले.

“नाही,” मी म्हणालो. “तेव्हाही दिला नव्हता.”

पलीकडे कुकरची शिटी झाली. त्यांनी मुलाला गॅस बारीक करायला सांगितला, तो ऐकेना म्हणून स्वतः उठून गेल्या, परत आल्या.

“पोरगं इथल्या शाळेत रुळलंय आता, सर,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्याच्या सुट्टीत बघते. तोपर्यंत राहतंय का तसंच?”

मी राहील म्हणालो. घरात येऊन सौ. ला सांगितले. ती झाऱ्याने करंजी उलटत होती. काही बोलली नाही. मग म्हणाली, “वरच्यांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.”

पाटी अजून कठड्यालाच आहे. उद्या काढीन म्हणतो.